हातचा एक : कॅल्क्युलेटर हा संगणकाचा धाकटा भाऊ नव्हे

१/
मध्य रेल्वेवर डोंबिवली आणि दिवा यांच्या मध्ये कोपर स्थानक आहे. खाली कल्याणकडे जाणाऱ्या मुख्य मार्गाचे फलाट, वरच्या पातळीवर वसई–दिवा मार्गाचे. जिना उतरून प्रवासी एका मार्गावरून दुसऱ्यावर येतात. पण खालचा मार्ग वरच्या मार्गाचा फाटा आहे, असे तेथे कोणी म्हणत नाही. दोन्ही मार्ग वेगळ्या काळी, वेगळ्या गरजेतून बांधले गेले आणि येथे एकमेकांना भेटले. संगणकाच्या इतिहासात मात्र दोन मार्गांना एकच समजण्याची चूक राजरोस चालते. हा धागा त्या चुकीविरुद्ध आहे. 🧵

२/
समाजमाध्यमांवर फिरणारी कथा अशी : आधी खोलीएवढा संगणक होता, तो आक्रसत कपाटाएवढा, मग टेबलाएवढा झाला, शेवटी खिशात मावला. या कथेत कॅल्क्युलेटर म्हणजे संगणकाचे बाळबोध, अर्धवट रूप. सोबत माकडापासून माणसापर्यंतच्या चित्राच्या धर्तीवर यंत्रांची रांग काढलेली असते. चित्र सुबक आहे आणि इतिहास म्हणून खोटे आहे. मायक्रोप्रोसेसर खोलीएवढ्या संगणकाच्या आक्रसण्यातून जन्मला नाही. तो हिशेबाच्या टेबलावरील यंत्रासाठी, त्या यंत्राच्या अडचणी सोडवताना जन्मला.

३/
मराठीत यासाठी दोन नेमके शब्द आहेत : संख्या आणि अंक. ४७२ ही एक संख्या आहे; ४, ७ आणि २ हे तिचे अंक. वैज्ञानिक कामासाठी घडलेला संगणक संख्येशी व्यवहार करतो. ती आतमध्ये द्विमान पद्धतीत, म्हणजे ० आणि १ यांच्या मालिकेत, सबंध साठवतो. कॅल्क्युलेटर अंकांशी व्यवहार करतो. कळ दाबली की एक अंक आत येतो, अंक म्हणूनच राहतो आणि अंक म्हणूनच पडद्यावर उमटतो. यंत्रांची सारी अंतर्गत रचना या एका भेदातून वेगळी होत जाते.

४/
पहिल्या मार्गाचे उत्तम उदाहरण मुंबईतच घडले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालील गटाने १९५६ मध्ये एक प्रायोगिक यंत्र चालवून दाखवले आणि त्यानंतर पूर्ण आकाराचे यंत्र बांधले. ते १९६० मध्ये कामाला लागले. सुमारे २,७०० निर्वात नलिका, १,७०० जर्मेनियम डायोड, १२,५०० रेझिस्टर. फेराइट कोर स्मृतीत २,०४८ शब्द आणि प्रत्येक शब्द ४० बिटांचा. संस्थेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनप्रसंगी, जानेवारी १९६२ मध्ये, पंडित नेहरूंनी त्याचे नामकरण केले : टिफ्रॅक.

५/
या नावातील शेवटचे अक्षर ‘कॅल्क्युलेटर’ या शब्दाचे आहे. पूर्ण नाव ‘टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च ऑटोमॅटिक कॅल्क्युलेटर’. त्यावरून ‘भारताचा पहिला कॅल्क्युलेटर’ अशी पाटी त्याला लावणे म्हणजे नावावरून कूळ ठरवणे होय. टिफ्रॅक द्विमान होता. शब्दातील ४० बिटांची बेरीज तो एकसमयावच्छेदेकरून करी. भौतिकशास्त्रज्ञांची समीकरणे सोडवणे हे त्याचे काम होते. तो अस्सल संगणक होता, वरच्या फलाटावरचा. ‘भारतातील पहिला संगणक’ हेही सैल विधान आहे. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत ब्रिटिश बनावटीचा एचईसी-२एम आधीच आला होता. टिफ्रॅकचे मोठेपण पहिलेपणात नसून येथे रचला आणि बांधला गेल्यात आहे.

६/
आता खालचा फलाट. १९६१ मध्ये ब्रिटनच्या बेल पंच कंपनीने ‘अनिता’ हा टेबलावर ठेवण्याजोगा इलेक्ट्रॉनिक कॅल्क्युलेटर आणला. त्याचे पूर्वज चक्रांचे आणि दात्यांचे बेरीजयंत्र, जेथे एका चाकावर एक अंक असे. १९६५ मध्ये इटलीच्या ऑलिव्हेत्तीने ‘प्रोग्रामा १०१’ दाखवले. त्याची स्मृती म्हणजे पोलादी तारेतून धावणारी स्पंदने : एका टोकाने शिरायचे, दुसऱ्या टोकाने बाहेर पडायचे आणि पुन्हा आत शिरायचे. अशा स्मृतीतून बिटे एकामागून एकच मिळतात. म्हणून बेरीजही एकामागून एक.

७/
हा क्रमवार बेरजेचा मार्ग नाइलाजाचा वाटतो. तो शहाणपणाचाही होता. ४० बिटांची एकाच वेळी बेरीज करायची तर बेरजेची ४० मंडले लागतात. एकेक अंक घ्यायचा तर एकच लहान मंडल पुरते. तेच पुन्हापुन्हा वापरायचे. गती घटते, पण समोर बसलेला कारकून कळा दाबतो सेकंदाला दोन-तीन. त्याला उत्तर क्षणार्धात मिळाले काय आणि क्षणाच्या दशांशात मिळाले काय, फरक पडत नाही. यंत्र स्वस्त असण्याने मात्र फरक पडतो. कॅल्क्युलेटरची रचना माणसाच्या बोटांच्या वेगाला बेतलेली होती.

८/
अंक साठवायला चार बिटे लागतात. चार बिटांत १६ मूल्ये बसतात, पण अंक दहाच. सहा जागा वाया जातात. म्हणून ७ + ५ करताना यंत्राला चार बिटांत १२ मिळतात आणि ते अडते, कारण १२ हा अंक नव्हे. उपाय साधा आहे : उत्तर ९ च्या पुढे गेले की त्यात आणखी ६ मिळवायचे. १२ + ६ = १८; त्यातून १६ चार बिटांच्या बाहेर पडतात, आत उरतात २ आणि बाहेर पडलेला तो हातचा एक. शाळेत पाटीवर जे केले जाई तेच. अंकांवर चालणाऱ्या प्रत्येक कॅल्क्युलेटर चिपला या दुरुस्तीची काही ना काही सोय करावी लागली.

९/
गंमत अशी की जुना रुपया चार बिटांत चपखल बसला असता. रुपयाचे आणे सोळा. पावली, अधेली हे सारे अर्ध्याचे अर्धे. मराठी शाळांत पावकी, निमकी, पाउणकी पाठ करून घेत, ती याच अर्धे करत जाण्याच्या व्यवहारासाठी. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, रुपयाचे १०० नवे पैसे झाले आणि सरकारी कचेरीपासून वाण्याच्या वहीपर्यंत हिशेब दहाच्या भाषेत बोलू लागला. कॅल्क्युलेटरची दशमान रचना ज्या जगासाठी होती, त्या जगात भारत चिप येण्याच्या चौदा वर्षे आधी दाखल झाला होता.

१०/
येथे आक्षेप येतो : संगणकाची द्विमान पद्धत अधिक काटकसरीची, मग दशमानाचा हट्ट कशाला? उत्तर दहा पैशांत आहे. ०.१० रुपये ही रक्कम द्विमानात लिहिता येत नाही. १/३ दशांशात लिहिताना जशी संपत नाही, तशीच ती संपत नाही. कोठेतरी तोडावी लागते आणि ताळेबंद पैशाने चुकतो. रक्कम पैशांत पूर्णांक म्हणून ठेवली तरी कळेवरचा अंक द्विमानात नेणे आणि उत्तर परत अंकांत आणणे हे काम उरतेच. लहान यंत्रासाठी तो भुर्दंड जड होता.

११/
अंक आणि संख्या यांतील ही उच्चनीचता गणितातही होती. डहाणूला जन्मलेले आणि ठाण्यात शिकलेले द. रा. कापरेकर देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. त्यांचे सारे संशोधन अंकांच्या वर्तनावर : ७६४१ − १४६७ = ६१७४, आणि सर्व अंक सारखे नसलेल्या कोणत्याही चार अंकी संख्येपासून सुरू केले तरी याच ६१७४ वर पोहोचणारी वाट. दहाचा पाया बदलला की हे निष्कर्ष बदलतात, म्हणून अनेकांनी ते क्षुल्लक मानले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी लिहिल्यावर जगाने दखल घेतली. कॅल्क्युलेटरच्या इतिहासाकडे पाहण्याची नजरही हीच आहे.

१२/
आता दोन मार्गांची भेट. १९६९ मध्ये बिझिकॉम या जपानी कॅल्क्युलेटर कंपनीने इंटेलकडे छपाई करणाऱ्या टेबली कॅल्क्युलेटरसाठी चिपसंच मागितला. जपानमध्ये शार्प, कॅसिओ, कॅनन आणि बिझिकॉम यांची जीवघेणी स्पर्धा चालू होती. दर नव्या नमुन्यासाठी नवी चिप परवडणारी नव्हती. टेड हॉफ यांनी सुचवले : चिप सामान्य ठेवावी, नमुन्यागणिक आज्ञावली बदलावी. त्यातून निघाली चार चिपांची मालिका आणि तिच्यातील ४००४ हा प्रोसेसर : चार बिटे, सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर. नोव्हेंबर १९७१ मध्ये तो सर्वांसाठी विक्रीस आला.

१३/
टिफ्रॅकमध्ये २,७०० नलिका, ४००४ मध्ये २,३०० ट्रान्झिस्टर. आकडे इतके जवळ की ‘खोली आक्रसून चिप झाली’ असे म्हणण्याचा मोह होतो. पण चिपची अंतर्रचना साक्ष देते ती दुसरीच. तिच्या आज्ञांत एक खास आज्ञा आहे, जी बेरजेनंतर वर सांगितलेली सहाची दुरुस्ती करते. दुसरी खास आज्ञा दाबलेली कळ ओळखण्यासाठी आहे. जोडीच्या स्मृतिचिपमध्ये प्रत्येक रजिस्टर वीस घरांचे : सोळा घरे अंकांसाठी, चार घरे चिन्ह व दशांशस्थळ यांसारख्या नोंदींसाठी. ही चिप कोणाच्या घरची, हे तिच्या हाडांवर लिहिलेले आहे.

१४/
‘एका अमेरिकी प्रतिभावंताने मायक्रोप्रोसेसर शोधला’ हे वाक्यही येथेच निकालात निघते. कल्पना हॉफ यांची, आज्ञासंचावर काम स्टॅन मेझर यांचे, कॅल्क्युलेटरचे तर्कशास्त्र बिझिकॉमच्या मासातोशी शिमा यांचे आणि सिलिकॉनवर प्रत्यक्ष उतरवणारे फेडेरिको फॅगिन इटलीचे. शिमा यांचे नाव बहुतेक मराठी लेखांत वगळले जाते. ते ‘ग्राहकाकडचे’ होते, म्हणजे कॅल्क्युलेटरवाले. हॉफ यांच्यासमोर पीडीपी-८ या लहान संगणकाचा आदर्श होता, हेही खरे. वरच्या मार्गाने कल्पना दिली. गरज, पैसा आणि हिशेबाची रीत खालच्या मार्गाची होती.

१५/
त्याच कंपनीची दुसरी वाटही पाहावी. १९७१ च्या आरंभी बिझिकॉमने मोस्टेकच्या एकाच चिपवर चालणारा खिशातला कॅल्क्युलेटर आणला. ती चिप हिशेबाखेरीज काहीच करू शकत नव्हती. त्याच वर्षी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने एका चिपवरचा आपला कॅल्क्युलेटर जाहीर केला. त्यातूनच पुढे टीएमएस १००० ही मालिका आली, जिच्यात प्रोसेसर, आज्ञावली आणि स्मृती एकाच तुकड्यावर होती. खेळणी, ओव्हन, घरगुती यंत्रे यांत शिरलेल्या मायक्रोकंट्रोलरचे कूळ थेट येथे पोहोचते. घरातील सर्वाधिक ‘संगणक’ कॅल्क्युलेटरचे वंशज आहेत.

१६/
या रचनेची परिणती एचपी-३५ मध्ये दिसते. फेब्रुवारी १९७२, किंमत ३९५ डॉलर, ३५ कळा. आतील शब्द ५६ बिटांचा, म्हणजे १४ अंक : दहा अंक संख्येचे, दोन घातांकाचे, दोन चिन्हांचे. बिटे एकेक करून फिरत. सारी आज्ञावली ७६८ आज्ञांची. तेवढ्यात साइन, कोसाइन, लॉगॅरिदम. गुणाकाराचे वेगळे मंडल नाही. केवळ बेरीज, वजाबाकी आणि अंक सरकवणे यांतून त्रिकोणमिती काढण्याची कॉर्डिक रीत, जी जॅक व्होल्डर यांनी १९५९ मध्ये विमानाच्या दिशादर्शनासाठी मांडली होती. ज्या यंत्राने अभियंत्यांच्या खिशातून सरकपट्टी हद्दपार केली, त्याला अर्धवट म्हणणे हे अज्ञान आहे.

१७/
आता उलट बाजूची अतिशयोक्ती. ‘आजचे सर्व संगणक ४००४ चे वंशज’ हेही चूक. १९७२ च्या ८००८ चा आज्ञासंच टेक्सासमधील कॉम्प्युटर टर्मिनल कॉर्पोरेशनच्या डेटापॉइंट २२०० या टर्मिनलसाठी आखलेला होता, आणि ८०८०, ८०८६ ही पुढची पिढी त्या घराण्याची. परंतु ८०८० मध्ये दशमान दुरुस्तीची आज्ञा पुन्हा आली आणि तिच्यासाठी चौथ्या बिटानंतरच्या हातच्याची वेगळी खूण ठेवली गेली. ६४-बिटी पद्धतीत ती आज्ञा रद्द झाली. हातच्याची खूण मात्र आजच्या लॅपटॉपच्या प्रोसेसरमध्येही शिल्लक आहे.

१८/
प्रामाणिकपणासाठी एक कबुली. दोन मार्ग कधीच पूर्ण सोवळे नव्हते. एनियाक दशमान होता. भारतातील अनेक कार्यालयांत आलेला आयबीएम १४०१ हादेखील दशमान होता. पण हे उदाहरण मूळ मुद्दा पक्काच करते. १४०१ दशमान होता, कारण तो पगारपत्रके आणि विमा हप्ते यांसाठी होता. यंत्राची रचना आकाराने ठरत नाही, समोर बसणाऱ्या माणसाच्या कामाने ठरते. ज्या इतिहासात तो माणूस नाही, त्याला रचनेचे कारण सांगता येत नाही.

१९/
हा माणूस महाराष्ट्राच्या ओळखीचा आहे. डोंबिवली, ठाणे, कल्याण येथील वस्ती फुगली ती मुंबईच्या बँका, विमा कार्यालये आणि रेल्वे यांतील नोकरदारांनी. ४००४ बाजारात आला त्या सुमारास याच नोकरदाराच्या टेबलावर यंत्र यावे की नाही, हा देशापुढचा वाद होता. स्वयंचलनावरील केंद्रीय समितीचे अध्यक्ष पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर होते आणि अहवाल आला १९७२ मध्ये. बँकांतील यंत्रांविषयी कर्मचारी संघटनांशी करार व्हायला १९८३ उजाडले.

२०/
त्यावरून ‘युनियनने चिप अडवली’ असा सोपा निष्कर्ष काढला जातो. तो टिकत नाही. कारकुनाने यंत्र नाकारले म्हणून चिप कारखाना निघत नाही, असे होत नाही. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सची स्थापनाच १९७६ ची आणि उत्पादनाला १९८० चे दशक लागले. परवाने, परकीय चलनाची टंचाई आणि जपानसारख्या स्पर्धेचा अभाव ही कारणे मोठी आहेत. नोकरी जाण्याची भीती बाळगणारा माणूस मूर्ख नव्हता. त्याच्या कामाची किंमत त्याला ठाऊक होती.

२१/
आणि भारतातही संगणक-उद्योगाची एक वाट कॅल्क्युलेटरवरूनच गेली. शिव नाडर आणि त्यांचे सहकारी डीसीएमच्या कॅल्क्युलेटर विभागातून बाहेर पडले, त्यांनी मायक्रोकॉम्प काढून कॅल्क्युलेटर विकले आणि त्या पैशावर १९७६ मध्ये एचसीएल उभी राहिली. तरीही आपला इतिहास टिफ्रॅकपासून थेट सॉफ्टवेअरवर उडी मारतो. टिफ्रॅकचा गौरव योग्यच आहे. पण प्रयोगशाळा आणि पंतप्रधान यांच्यापुरता इतिहास लिहिला की हिशेबाचे टेबल गळते, आणि चिप तर तेथे जन्मली.

२२/
जगात या जुन्या रचना जपल्या जातात. एचपीची १९८४ ची ‘सॅटर्न’ रचना चार-चार बिटांचे अंकच हाताळी. तिची प्रत्यक्ष चिप बंद झाल्यावर २००३ च्या एचपी-४९जी+ मध्ये नव्या एआरएम प्रोसेसरवर तिची हुबेहूब नक्कल चालवली गेली. १९८१ चा एचपी-१२सी अजून विकला जातो. फॅगिन आणि शिमा यांनी पुढे घडवलेला झेड८० टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या आलेख काढणाऱ्या कॅल्क्युलेटरांत गेला. कॅल्क्युलेटरवाल्यांचा प्रोसेसर पुन्हा कॅल्क्युलेटरच्या घरी आला.

२३/
येथे मात्र निवृत्त बँक कर्मचाऱ्याच्या कपाटातील हिरव्या अंकांचा कॅल्क्युलेटर दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याकडे जातो. त्याच्यासोबत चिपवरचा क्रमांक, खरेदीची पावती आणि ‘हे यंत्र टेबलावर आले तेव्हा काय झाले’ ही आठवणही जाते. ज्यांना इतिहासाची आवड आहे, त्यांच्यासाठी काम समोर आहे. झाकण उघडून चिपवरील अक्षरांचे छायाचित्र घ्यावे, पावती जपावी, आजोबांना किंवा आजींना विचारून वर्ष, कार्यालय आणि किंमत लिहून ठेवावी. टिफ्रॅकच्या नळ्या मोजून झाल्या आहेत. टेबलावरच्या यंत्रांची मोजदाद अजून सुरूही झालेली नाही. बेरीज मांडली गेली. हातचा मिळवायचा राहिला.

(समाप्त)